लढाईच्या दिवसांतली मौज

जर्मनांच्या हातून निसटू पाहणारे इंग्रज वैमानिक आणि त्यांच्यापायी जीव मुठीत घेऊन पळणारे दोघे: एक साधा रंगारी, दुसरा ऑपेराचा तिरसट वाद्यवृंद-संचालक. १९६६ च्या 'ला ग्रांद व्हाद्रुय'ने दुसऱ्या महायुद्धावर अख्ख्या फ्रान्सला हसवलं. पण ते हसू लढाई संपून वीस वर्षांनी आलं. नाशकात मात्र पहिली लढाई चालू असतानाच हसवण्याचा उद्योग सुरू होता, आणि आपण तो पार विसरलो.

दादासाहेब फाळके १९१३ मध्ये आपला चित्रपटांचा कारखाना मुंबईहून नाशकाला घेऊन आले. इथल्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, त्यांची लेक कमला मोहिनी. जोडीला 'पिठाचे पंजे' हे छोटं प्रहसन. तसं पाहिलं तर मूळ कथेतही महादेव स्वतःच दिलेल्या वरापासून पळत सुटतात, ते काय कमी गमतीचं आहे?

१९१४ मध्ये दादासाहेब लंडनला चित्रपट दाखवून आले आणि महायुद्ध पेटलं. सावकारांनी हात आखडले, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने पुन्हा गहाण पडायची वेळ आली. 'आगकाड्यांची मौज' ही फीत याच ओढगस्तीच्या काळातली. काडी तसूभर सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी असा पंधरा-सोळा वेळा खटाटोप. बायकांच्या भूमिकांना माणूस मिळता मिळत नसे त्या काळात काड्यांचं बरं होतं, ना पगार ना रुसवेफुगवे. 'प्रोफेसर केळफा'मध्ये जादूचे खेळ होते. नाव उलटं वाचलं की जादूगार कोण ते कळतं.

१९१७ च्या 'लंकादहन'ने दिवस पालटले. राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके. १९१८ च्या जानेवारीत भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. दुसऱ्या लढाईत मात्र चित्रपट काढायलाच सरकारी परवाना लागू लागला. थकलेल्या दादासाहेबांचा अर्ज फेटाळला गेला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकातच ते वारले.

इतिहासात त्यांचे देव राहिले, गमतीच्या फिती एका ओळीत उरकल्या जातात. मला हा अन्याय वाटतो. पौराणिक कथा लोकांना तोंडपाठ होत्या, पडद्यावर त्या चालणारच होत्या. खिसा रिकामा असताना काडेपेटीतून नाटक उभं करायला वेगळीच खोडी अंगात लागते.