पेनड्राइव्ह अर्धा रिकामा, तरी फाइल सेव्ह होईना! फाइल सिस्टिम आणि कॉम्प्युटरचा वेग

सेलू तालुक्यातलं वालूर बाहेरच्यांना माहीत आहे ते चक्राकार पायऱ्यांच्या बारवेमुळे. माझं तिथं जाणं होतं मावसभावाच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानामुळे. जुलैअखेर, पीक विम्याची मुदत संपत आलेली, तेव्हा त्याचा फोन आला. "एक पासबुक सेव्ह व्हायला अर्धा मिनिट लागायलाय, अन् सकाळपासून तर सेव्हच होईना. बाहेर पंचवीस माणसं उभी आहेत. रॅम वाढवू का नवीनच घेऊ?"

मी जाऊन पाहिलं. रॅम ठीक होती. भाऊ सगळी स्कॅन केलेली कागदपत्रं 32 जीबीच्या एका पेनड्राइव्हवर ठेवायचा, आणि तीही एकाच फोल्डरमध्ये. सोळा हजारांच्या वर फाइल्स! पेनड्राइव्हमध्ये अर्ध्याहून जास्त जागा शिल्लक होती. मग अडलं कुठं?

डिस्क म्हणजे नुसते नंबर घातलेले कप्पे. कोणती फाइल कोणत्या कप्प्यात आहे, याची नोंदवही म्हणजे फाइल सिस्टिम. त्या पेनड्राइव्हवर फॅट32 होती. तिचं मूळ 1977 सालातलं, फ्लॉपीच्या जमान्यातलं. तिची फोल्डरची वही साधी आहे: जसं येईल तसं खाली लिहीत जायचं, क्रमवारी काही नाही. नवीन फाइल ठेवायची तर त्या नावाची आधीच नाही ना, हे बघायला सगळी यादी वाचावी लागते. गट नंबरप्रमाणे न लावलेल्या सातबाऱ्यांच्या गठ्ठ्यात एक उतारा शोधून बघा, म्हणजे कळेल.

शिवाय एका फोल्डरला 65,536 ओळींची मर्यादा. भाऊ फाइलला नाव, गाव, कागद, वर्ष असं तीसेक अक्षरांचं नाव द्यायचा. फॅट32 लांब नावाच्या दर 13 अक्षरांना एक ओळ खर्च करते आणि वर छोट्या नावाची आणखी एक. म्हणजे फाइलमागे चार ओळी. भागाकार केला तर उत्तर 16,384. वही भरली होती, कपाट रिकामं होतं.

तातडीचा उपाय दोन सेकंदांचा निघाला. शेजारी नवीन फोल्डर केला, त्याची वही कोरी, आणि रांग हलली.

विंडोजची एनटीएफएस (1993) किंवा लिनक्सची एक्सटी4 फोल्डरची यादी झाडासारख्या फांद्या पाडून ठेवते. त्यामुळे सोळा हजारांत एक नाव शोधायला दोन-चार टप्पे पुरतात. एनटीएफएसमध्ये अगदी बारकी फाइल तर नोंदीच्याच 1 केबी जागेत मावते, वेगळा कप्पा लागतच नाही.

रचनेने किती फरक पडतो याचं जुनं उदाहरण युनिक्सचं. त्याची जुनी फाइल सिस्टिम नवी असताना सेकंदाला 175 केबीपर्यंत वाचायची, पण काही आठवडे वापरली की 30 केबीवर यायची. डिस्क तीच, फाइलचे तुकडे मात्र सगळीकडे विखुरलेले. बर्कलीच्या मंडळींनी 1984 मध्ये एका फाइलचे तुकडे जवळजवळ ठेवणारी रचना मांडली. फिरत्या हार्ड डिस्कला विखुरलेपण महागात पडतं, कारण 5400 आरपीएमच्या डिस्कवर हवा तो भाग डोक्याखाली यायलाच सरासरी साडेपाच मिलिसेकंद जातात. एसएसडीला ही वाट बघावी लागत नाही, म्हणून तिला डीफ्रॅग करत बसू नका. पण दर फाइलमागचं नोंदीचं काम तिथंही चुकत नाही.

रात्री तो जुना फोल्डर आम्ही कॉम्प्युटरच्या एनटीएफएस ड्राइव्हवर कॉपी करायला लावला. जेवण झालं, गप्पा झाल्या, तरी चालूच. गंमत म्हणून तेवढ्याच साइजचे दोन-तीन पिक्चर कॉपी केले, ते कितीतरी आधी उरकले. डेटा तेवढाच, पण दर फाइलला नोंद उघडा, लिहा, बंद करा हे सोळा हजार वेळा होतं. म्हणून बॅकअप घेताना आधी एक झिप करा, मग हलवा.

आता भावाकडे गावावार आणि वर्षावार फोल्डर आहेत. पेनड्राइव्ह मात्र फॅट32च ठेवला, कारण त्याच्या झेरॉक्स मशीनला तेवढंच वाचता येतं.