भोसले घाटासमोरील कुरव

नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात काशीस जो दगडी घाट बांधविला, त्याच्यासमोर हिवाळ्यात उत्तरेकडून आलेल्या कुरव पक्ष्यांचे थवे नावांभोवती घिरट्या घालू लागले, की तेलकट, खारट शेवेच्या पुड्या निघतात आणि यात्रेकरू पुण्यसंचयाच्या भावनेने मूठमूठ शेव उधळतात. मासे व किडे खाणाऱ्या या पाहुण्यांचे पोट तिने भरते, पोषण मात्र यथातथाच.

त्याहून मोठा धोका गर्दीचा. दाटीने जमलेल्या थव्यात विष्ठेतून रोगजंतू सहज फैलावतात. शिवाय इंजिनांचा गोंगाट, रात्रीचा झगमगाट आणि सांडपाणी यांचा जाच अखंड राहिला, तर कॉर्टिकोस्टेरोन हे जे संप्रेरक क्षणिक संकटात प्राणरक्षण करते, तेच दीर्घकाळ चढे राहून प्रतिकारशक्ती क्षीण करू शकते. या ताणाचा अदमास रक्ताच्या एका थेंबावरून घेता येतो : ताणाखाली हेटेरोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात, लिंफोसाइट घटतात.

जानेवारी २०२१मध्ये बर्ड फ्लूच्या धास्तीने जिल्हा प्रशासनाने पक्ष्यांना खाऊ घालण्यास मनाई केली, आणि परगावच्या प्रवाशास हुकूम ठाऊक नसणार हे जाणून जबाबदारी नावाड्यांवर टाकली. ते मला रास्तच वाटते, कारण प्रवाशाला नावेत बसवून थव्यापर्यंत नेणारा नावाडीच.