चौथी नळी

उद्यमनगरातल्या या शेडबाहेर सकाळपासून ग्राइंडर थांबलेला नाही. शेजारी कास्टिंग घासताहेत, त्याचा काळा भुगा वाऱ्यासरशी आत येतो म्हणून मिस्त्रींनी शटर अर्ध्यावर ओढलंय. आत उजेड फक्त टेस्ट बेंचचा. काचेच्या चार उभ्या नळ्या, प्रत्येकीच्या डोक्यावर एकेक इंजेक्टर.

"दाब बटण," मिस्त्री मला म्हणतात.

चारही तोंडांतून फवारा सुटतो. बरोबर पंधरा सेकंद. फेस खाली बसेपर्यंत कुणी बोलत नाही. मग मिस्त्री वाकतात, डोळा नळीतल्या पातळीला भिडवतात आणि आकडे सांगतात. हाताखालचा पोरगा पुठ्ठ्यावर मार्करनं लिहून घेतो. ११०. १११. १०९. आणि चौथीत १०१.

"चौथा उपाशी हाय."

हे इंजेक्टर माझ्या होंडा सिटीत जायचे आहेत. २००२ ची गाडी, दीड लिटरचं व्हीटेक इंजिन, मुळात १०६ घोड्यांचं. आता ती रस्त्यावर फिरत नाही, ट्रेलरवरून ट्रॅकवर जाते. तिला अर्ध्या बारचा टर्बो बसवलाय आणि १६० घोड्यांचा हिशेब धरलाय. कंपनीच्या इंजेक्टरांना एवढं पेट्रोल द्यायला वेळच पुरत नाही. मिनिटाला सात हजार फेऱ्यांवर इंजिनाचं एक पूर्ण चक्र सतरा मिलिसेकंदांत उरकतं. त्यातले फार तर साडेचौदा मिलिसेकंद इंजेक्टरनं उघडं राहावं. त्यापुढे ताणलं, तर सुई नीट बसायच्या आत पुन्हा उचलली जाते आणि कॉम्प्युटरनं मागितलेलं माप नि पडलेलं पेट्रोल यांचा मेळ सुटतो. त्यात पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं मिश्रण. निव्वळ पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के इंधन जास्त. म्हणून जुन्या बाजारातून मिनिटाला ४४० सीसीचे हे चार उचलले.

"मामा, प्रेशर वाढवूया की," पोरगा म्हणतो. "तीन बारचं चार करू. चौथा पण भरंल."

"वाढीवलंस तर चौघांचंबी वाढंल. उपाशी त्यो उपाशीच." मिस्त्री पुठ्ठा त्याच्यासमोर धरतात. "आणि तीनाचं चार केलंस म्हणून पेट्रोल काय तिसऱ्या हिश्श्यानं वाढत न्हाई. पंधरा टक्के मिळतंय. पंपाचा मात्र जीव जातोय."

मी पिशवीतून माझा जुना पिस्टन काढून बेंचवर ठेवतो. दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या गॅरेजात बांधलेल्या इंजिनातला. माथ्याच्या कडेला अंगठ्याच्या नखाएवढा भाग वितळून खाली ओघळलाय, मेणबत्तीसारखा. त्या दिवशी हवा-इंधनाच्या मीटरवर ११.७ दिसत होतं आणि मी निर्धास्त होतो. पण त्या मीटरचा सेन्सर एक्झॉस्टमध्ये असतो, चारही सिलिंडरांचा धूर एकत्र झाल्यावर. तीन सिलिंडर साडेअकरावर आणि एक साडेबारावर चालला, तरी त्याला दिसते ती सरासरी. टर्बोच्या दाबाखाली त्या एका सिलिंडरला नॉकिंग लागलं आणि सरळ रस्ता संपायच्या आत तो गेला.

लोक विचारतात, किती सीसीचे टाकले? चार इंजेक्टरांचे चार आकडे कुणी मागत नाही. मीही मागितले नव्हते. आता मला वाटतं, मोठ्या मापाचे चार बेमेळ इंजेक्टर घालण्यापेक्षा टर्बो काढून ठेवलेला बरा.

मिस्त्री चौथा इंजेक्टर उतरवतात. त्याच्या वरच्या तोंडात बारीक जाळी असते, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. तिच्यात एक स्क्रू हलकेच फिरवतात आणि ओढून बाहेर काढतात. पांढऱ्या फडक्यावर ती आपटतात. तपकिरी भुकटी पडते, चिमूटभरही नाही. मिस्त्री बोटानं ती चोळून बघतात. कुठल्या तरी टाकीचा गंज.

वीस मिनिटं इंजेक्टर अल्ट्रासॉनिकच्या भांड्यात गुणगुणत राहतो. मग नवी जाळी, नवे ओ-रिंग. पुन्हा बेंच, पुन्हा पंधरा सेकंद.

१०८.

पोरगा हसतो. मिस्त्री हसत नाहीत. "ही झाली घोटघोट पिण्याची परीक्षा. आता थेंबाची बघू."

हे मला फार मोलाचं वाटतं. मोठा इंजेक्टर पूर्ण जोरात भरवशाचा असतो, तो फसतो आयडलिंगला. तिथे त्याला जेमतेम दोन-अडीच मिलिसेकंद मिळतात आणि त्यातला एखादा मिलिसेकंद नुसता सुई उचलण्यात जातो. बॅटरी थोडी पडली की उचलायला आणखी वेळ. एकाची सुई आळशी निघाली, तर सिग्नलला उभं राहिल्यासारखं इंजिन जागच्या जागी थरथरतं.

मिस्त्री अडीच मिलिसेकंदांचे एक हजार ठोके लावतात. बेंच टकटक वाजू लागतं. बाहेरचा ग्राइंडरही नेमका थांबलाय, त्यामुळे शेडमध्ये तेवढाच आवाज उरतो. नळ्यांच्या तळाशी अगदी सावकाश पातळी चढते.

मिस्त्री गुडघ्यावर बसून वाचतात. "अकरा. अकरा. अकरा." चौथ्या नळीपाशी ते चष्मा कपाळावर सरकवतात, परत खाली घेतात. "अकराला केसभर कमी. चालंल."

पोरगा पुठ्ठ्यावरचा १०१ खोडतो. मिस्त्री हात पुसत उठतात आणि गाडीच्या मागच्या बाजूला जातात.

"आता पंप उतरव. टर्बोचा अर्धा बार आला की त्याला साडेतीन द्यायला लागणार. देतोय का बघू."