हार्बिनचे मुसके

मळणीच्या वेळी बैलाने कणसांना तोंड लावू नये म्हणून शेतकरी त्याला दोरीच्या जाळीचे मुसके बांधतो. आणि आपल्या उच्छ्वासाने हवेतील सूक्ष्म जीवांस इजा पोहोचू नये म्हणून काही जैन मुनी मुखावर मुहपत्ती धारण करतात. तोंड झाकण्याचे हे दोन्ही प्रकार आपल्याकडे जुने आहेत, आणि दोहोंतही रक्षण व्हावयाचे ते इतरांचे. ज्याचे तोंड झाकले त्याचे नव्हे. १८९७ साली ब्रेस्लाऊ येथे मिकुलिच आणि पॅरिस येथे बर्जे या शल्यविशारदांनी शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडावर जाळीदार कापड बांधण्यास आरंभ केला, तोही याच न्यायाने, म्हणजे आपल्या थुंकीचे तुषार रुग्णाच्या उघड्या जखमेत पडू नयेत म्हणून. ही दिशा उलटी फिरवून, साथीच्या दिवसांत बांधणाऱ्याचेच प्राण राखणारी, आणि वैद्यापुरती न राहता शिपाई, प्रेतवाहक व रस्त्यावरचा इसम यांच्याही तोंडावर चढलेली पट्टी मोठ्या प्रमाणावर प्रचारात आली, ती १९१०-११ च्या हिवाळ्यात, उत्तर मांचूरियातील हार्बिन शहरी.

हार्बिन हे रशियनांनी बांधलेल्या लोहमार्गावर उभे राहिलेले शहर. एका अंगाला रेल्वेच्या अमलाखालचा रशियन भाग, आणि दुसऱ्या अंगाला फूजियादियान नावाची, सुमारे २४,००० वस्तीची, दाटीवाटीची चिनी पेठ. तारबागान नावाच्या, बिळात राहणाऱ्या केसाळ प्राण्याच्या कातड्याला युरोपात मागणी वाढल्यामुळे हजारो नवखे शिकारी त्याच्या मागे लागले होते, आणि त्या प्राण्यात प्लेगचे बीज मुक्कामाला होते. थंडीच्या कडाक्यात हे शिकारी आणि मजूर सरायांच्या बंद, कोंदट खोल्यांत एकमेकांना लगटून निजत, आणि चिनी नववर्ष जवळ येऊ लागले की आगगाडीने दक्षिणेकडे आपल्या गावी निघत. रोगाला याहून सोयीची वाट ती कोणती हवी होती?

२४ डिसेंबर १९१० रोजी पेकिंगच्या सरकारने धाडलेला एक ३१ वर्षांचा डॉक्टर हार्बिनला उतरला. वू लियन-तेह हे त्याचे नाव. जन्म पिनांगचा, शिक्षण केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात, आणि हुद्दा तिएन्त्सिन येथील लष्करी वैद्यक विद्यालयाच्या उपसंचालकाचा. उत्तर चीनची बोलीही त्याला धड येत नव्हती. तिसऱ्याच दिवशी, एका सराईतील मृत जपानी स्त्रीचे त्याने गुपचूप शवविच्छेदन केले (त्या काळच्या चीनमध्ये ही गोष्ट लोकरीतीच्या अगदी विरुद्ध होती), आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याला प्लेगचे जंतू दिसले. परंतु रुग्णांच्या काखेत वा जांघेत गाठ नव्हती. खोकला होता, रक्त पडत होते, आणि दोन-तीन दिवसांत माणूस संपत होता. उंदीर पकडून तपासले, त्यांत रोग नव्हता. तेव्हा वूने निदान केले की हा फुप्फुसाचा प्लेग आहे, आणि तो माणसाच्या श्वासावाटे माणसात जातो; म्हणून नाकातोंडावर पट्टी बांधा, असे त्याने सांगितले.

येथे आमच्या मुंबईचा संबंध येतो, आणि तो जरा चमत्कारिक आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग असल्याचे गोव्याच्या हडफडे गावचे डॉक्टर आकासियु व्हिएगास यांनी ओळखले, आणि पुढल्या काही वर्षांत मुंबई ही या रोगाची जगातील सर्वांत मोठी शाळा झाली. १९०५ पासून प्लेग संशोधन मंडळाने परळ येथे केलेल्या प्रयोगांनी उंदरावरची पिसू हीच या रोगाची वाहक होय, हे शंकेला जागा न ठेवता सिद्ध केले. हे ज्ञान खरे होते, मोठ्या कष्टाने मिळविलेले होते, आणि हार्बिनमध्ये तेच आड आले. कारण प्लेग म्हटला की उंदीर शोधावयाचा, हा धडा गिरवून आलेल्या तज्ज्ञांना हवेचे नाव काढणारा हा तरुण अडाणी वाटला. खोट्या समजुतीपेक्षा अर्धवट लागू पडणारे सत्य दूर सारणे माणसाला अधिक जड जाते, असे मला वाटते.

त्या तज्ज्ञांत फ्रेंच डॉक्टर जेराल मेनी हा वडीलधारा, तिएन्त्सिनच्याच दुसऱ्या वैद्यक विद्यालयातला अध्यापक. त्याने वूचे म्हणणे धुडकावले, पट्टी न बांधता रशियन इस्पितळात रुग्ण तपासले, आणि ११ जानेवारी १९११ रोजी तो त्याच रोगाने वारला. त्यानंतर पट्टी बांधा म्हणून फारसे सांगावे लागले नाही. तोपर्यंत ती केवळ कापूस आणि कापड नव्हती, एका वादग्रस्त निदानाचा जाहीरनामा होती. ती तोंडावर चढविणे म्हणजे वूचा पक्ष मान्य करणे, आणि मेनीने नाकारले ते कापड नव्हे, तो पक्ष.

आता त्या पट्टीच्या रचनेकडे वळू, कारण तिच्यातली खरी कारागिरी पाहण्यासारखी आहे. जखमा बांधण्याचे जाळीदार कापड, ज्याला इस्पितळात गॉझ म्हणतात, ते कारखान्यातून नऊ इंच पन्ह्याच्या गुंडाळीत येत असे. त्याचा तीन फूट लांबीचा तुकडा घ्यावयाचा आणि लांबीत दुमडावयाचा, म्हणजे रुंदी साडेचार इंच होते. दुमडीच्या पोटात, मधोमध, सहा इंच लांब व चार इंच रुंद अशी कापसाची सपाट लादी ठेवावयाची. मग दोन्ही टोकांकडून कात्रीने पंधरा-पंधरा इंचांचे दोन-दोन काप द्यावयाचे, म्हणजे प्रत्येक बाजूस तीन बंद निघतात. कापसाची लादी नाकातोंडावर धरून वरचे बंद नाकाच्या कडेने कानांवरून मागे नेऊन बांधावयाचे, खालचे कानांखालून मानेवर, आणि मधले डोक्याच्या माथ्यावर, पट्टी घसरू नये म्हणून. एवढ्यावर काम संपले.

वाचकाने क्षणभर गणित करून पाहावे. छत्तीस इंचांतून दोहोंकडचे पंधरा-पंधरा गेले की उरतात बरोबर सहा, म्हणजे कापसाची लांबी. साडेचारांत चार बसले की कडेला अर्धा इंच राहतो, कापूस सांडू नये एवढाच. चिंधी वाया जात नाही, टाका पडत नाही. सुई लागत नाही, दोरा लागत नाही, शिंपी लागत नाही. ज्याच्या हाती कात्री आहे तो प्रत्येक माणूस या वस्तूचा कारखाना. परदेशातून गलबताची वाट पाहावयाची नाही आणि कोणाच्या मक्त्याचे मिंधे व्हावयाचे नाही. साथीत सापडलेल्या, रस्ते तुटलेल्या गावाला याहून दुसरे काय हवे? वूने तिची किंमतही नोंदविली आहे, अडीच सेंट.

पट्टी एकटी लढली असे मात्र समजू नये. फूजियादियानचे चार विभाग पाडण्यात आले, प्रत्येक विभागातील रहिवाशांच्या दंडावर पांढरी, तांबडी, पिवळी वा निळी खूण आली, आणि एका विभागातून दुसऱ्यात जाण्यास परवाना लागू लागला. नाकेबंदीसाठी पलटणीचे शिपाई आले. संशयितांना ठेवण्यास रशियनांकडून मालगाडीचे डबे मागून घेतले. जमीन गोठल्यामुळे पुरता न आलेल्या दोन हजारांवर प्रेतांची रास गावाबाहेर पडली होती. ती जाळण्यासाठी बादशाही फर्मान मिळवावे लागले, आणि नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी, ३१ जानेवारीस, चिता पेटल्या. मार्चच्या आरंभी हार्बिनमध्ये नवा रुग्ण मिळेनासा झाला. तोवर सबंध मांचूरियात सुमारे ६०,००० माणसे गेली होती. या सर्व बंदोबस्तात पट्टीचा वाटा किती आणि नाकेबंदीचा किती, हे वेगळे काढून दाखविता येणार नाही. काढून दाखविणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये.

एप्रिलमध्ये मुकदेन येथे ११ राष्ट्रांच्या तज्ज्ञांची परिषद भरली. अध्यक्षपदी वू, आणि समोर हाँगकाँगला १८९४ साली प्लेगचा जंतू पाहणारे कितासातो. मुंबईच्या प्लेग संशोधन मंडळात काम केलेले पेट्रीही तेथे होते. उंदीर आणि पिसू यांचा पक्ष ज्यांनी सिद्ध केला त्यांच्यातलाच एकजण श्वासाच्या प्लेगची हकीकत ऐकावयास बसला होता, हे मला विशेष वाटते. पुढल्या वर्षी मनिला येथील बार्बर व टीग यांनी अशा पट्ट्यांची परीक्षा घेतली. निरुपद्रवी जंतूंचा फवारा उडवून पाहिला, तेव्हा जंतू कापसातून व कडांवरून आत शिरल्याचे आढळले. म्हणजे पट्टी अभेद्य नव्हती. वूने ती टाकून दिली नाही. १९२०-२१ मध्ये हार्बिनवर पुन्हा साथ आली तेव्हा पट्टी पुन्हा बांधली गेली, आणि १९२६ साली जिनीव्हाहून राष्ट्रसंघाने प्रसिद्ध केलेल्या फुप्फुसी प्लेगवरील आपल्या ग्रंथात या रोगासंबंधीचा सारा अनुभव त्याने ग्रथित केला.

हे लिहिण्यापूर्वी ती पट्टी एकदा स्वतः करून पाहावी, असे मनात आले. औषधांच्या दुकानात नऊ इंच पन्ह्याचे गॉझ मिळेना. मोठ्या तुकड्यातून ते मापून काढले आणि भोजनाच्या मेजावर कात्री घेऊन बसलो. पहिल्या खेपेस प्रत्येक काप अर्धा इंच पुढे गेला; मधली जागा पाचच इंच राहिली आणि कापूस दोन्ही कडांनी बाहेर डोकावू लागला. दुसऱ्या खेपेस फूटपट्टी धरून कापले, तेव्हा लादी आपल्या जागी चपखल बसली. कानांवरची आणि मानेवरची गाठ मी कशीबशी मारली. माथ्यावरची मात्र तीनदा सुटली, आणि शेवटी ती घरच्या माणसाकडून मारून घ्यावी लागली.