पिकअपचं ॲव्हरेज: न्यूट्रलपासून क्विंटलपर्यंत

फेब्रुवारी-मार्चमध्ये वसमत तालुक्यात हळदीची काढणी जोरात असते. कंद काढायचे, शिजवायचे, वाळवायचे, ढोलात फिरवून पॉलिश करायचे आणि मग पोती पिकअपमध्ये रचून वसमतच्या किंवा हिंगोलीच्या मार्केट यार्डाची वाट धरायची. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिचं नाव राज्यभर झालं. शिवारातून यार्डापर्यंत ती पोचवणाऱ्या गाडीच्या डिझेलचा विषय मात्र गॅरेजच्या बाकड्यावर आणि वजनकाट्याच्या रांगेतच राहिला. तिथे खऱ्या गोष्टींसोबत चुकीच्याही तितक्याच खात्रीने सांगितल्या जातात. त्यातल्या काहींनी नुसते पैसे जातात, काहींनी जीव जाऊ शकतो. म्हणून त्या एकदा नीट तपासून पाहायला हव्यात.

सगळ्यात घट्ट रुजलेला समज न्यूट्रलचा. औंढा नागनाथच्या परिसरातल्या चढ-उतारांवर उतार लागला की गिअर काढून गाडी सोडून द्यायची, तेवढंच डिझेल वाचतं, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं आहे. इंजिनात घडतं ते वेगळंच. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलेटरवरचा पाय पूर्ण काढला, की उतारावर चाकंच इंजिनाला फिरवतात. आजच्या कॉमन रेल इंजिनातला संगणक हे ओळखतो आणि इंजेक्टरचं डिझेल बंद करतो. तेवढ्या अंतरात खर्च शून्य. जुन्या यांत्रिक पंपातला गव्हर्नरही अशा वेळी डिझेल तोडतोच. न्यूट्रलला मात्र इंजिन चाकांपासून सुटलेलं असतं, ते बंद पडू नये म्हणून त्याला सतत डिझेल द्यावं लागतं. हलक्या उतारावर न्यूट्रलमधली गाडी थोडी लांब घरंगळते हे खरं आहे, आणि समज टिकून राहण्याचं कारणही तेच. पण मागे पंधरा क्विंटल हळद असताना इंजिनाचा आवर सुटला, की सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, लायनरची पकड कमी होते आणि पायाखालचं पेडल ऐन वेळी साथ देत नाही.

काही जण याच्याही पुढे जाऊन चावीच बंद करतात. इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम एक-दोनदा पेडल दाबताच संपतो, पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि चावी काढली गेली तर स्टिअरिंग लॉक होण्याचा धोका असतो. हे कुणीही, कुठल्याही उतारावर करू नये. डिझेल वाचवायचंच असेल तर पुढचा गतिरोधक, वळण किंवा गाव लांबूनच हेरून पाय लवकर काढावा आणि गाडी गिअरमध्येच हळू होऊ द्यावी. चांगल्या ड्रायव्हरच्या पायात हीच सवय असते. बाजारात मिळणारं कोणतंही यंत्र तिची बरोबरी करत नाही.

दुसरा समज टायरचा, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो सगळ्यात घातक. ‘ऊन तापलंय, हवा दोन-चार पॉइंट कमीच ठेव, नाहीतर टायर फुटेल.’ ऐकायला पटतं, कारण तापल्यावर हवा फुगते हे सगळ्यांना माहीत आहे. पण टायर बनवणाऱ्यांनी ते फुगणं आधीच हिशेबात धरलेलं असतं. कंपनीने सांगितलेला दाब थंड टायरसाठीचा असतो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि सुटते. त्या दबण्या-सुटण्यात तयार होणारी उष्णता उन्हापेक्षा कितीतरी जास्त असते. भर दुपारी, भरल्या गाडीचा टायर फुटण्यामागे कमी हवा हे मोठं कारण आहे. ती उष्णता येते कुठून? डिझेलमधूनच. पेट्रोलियम बचतीसाठी १९७८ साली केंद्र सरकारने स्थापन केलेल्या पीसीआरए या संस्थेच्या सांगण्यानुसार, टायरमधला दाब २५ टक्क्यांनी कमी असेल तर इंधन ५ ते १० टक्के जास्त लागतं आणि टायरचं आयुष्यही घटतं.

उलट टोकाला जाऊन ठरल्यापेक्षा जास्त हवा भरणंही चूकच. टायरचा जमिनीला टेकणारा भाग कमी होतो, ब्रेक लांब लागतो, आणि जूनमध्ये काळ्या मातीचा चिखल डांबरावर आला की गाडी सरकते. दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दाबाचा तक्ता असतो. त्यात पुढच्या आणि मागच्या चाकांचे, रिकाम्या आणि भरल्या गाडीचे आकडे वेगळे असतात. सकाळी गाडी हलवण्याआधी गेज लावावा. चाकाला लाथ मारून किंवा हातोडीने ठोकून अंदाज घेण्याला अर्थ नाही, कारण बऱ्यापैकी कमी हवेचा टायरही दिसायला आणि वाजायला ठीकच वाटतो.

गिअरबद्दल दोन उलटे समज एकाच वेळी नांदतात. एकाचं म्हणणं, नेहमी टॉपला चालव. दुसऱ्याचं म्हणणं, इंजिन मोकळं पळू दे. टॉप गिअरचा सल्ला सपाट रस्त्यावर बरोबर आहे. पण चढावर गाडी थरथरू लागली, सायलेन्सरमधून काळा धूर निघाला, तरी गिअर उतरवायचा नाही, हे चूक. काळा धूर म्हणजे नीट न जळलेलं डिझेल. अशा वेळी एक गिअर खाली आणून चढ काढणं स्वस्त पडतं.

वेगाचं मात्र गणित सरळ आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी ६० वरून ८० वर गेलं, की तो जवळपास पावणेदोन पट होतो. पिकअपचं नाक उंच, हौदा उघडा, वर पोत्यांचा ढीग, त्यामुळे तो तिला जास्तच जाणवतो. पीसीआरएने भारतातल्या मोटारींच्या चाचण्यांवरून सांगितलं आहे की ताशी ८० पेक्षा ४५ ते ५५ च्या वेगाला ४० टक्क्यांपर्यंत जास्त ॲव्हरेज मिळू शकतं. वसमत ते नांदेड सुमारे ४० किलोमीटर. साठने गेलं तर ४० मिनिटं, ऐंशीने गेलं तर ३०. तेही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर. ती दहा मिनिटं नांदेडच्या पहिल्या गर्दीतच संपतात, हे या रस्त्यावर रोज जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

रिकाम्या परतीच्या फेरीत मागचा फाळका उघडा टाकायचा, म्हणजे हवा अडत नाही, असंही ऐकू येतं. अमेरिकेत आणि कॅनडात पिकअपबद्दल हाच वाद वर्षानुवर्षं चालला, म्हणून त्याची तपासणीही झाली. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा एक भोवरा तयार होऊन तिथेच फिरत राहतो, आणि वरून येणारा प्रवाह त्याच्यावरून निसटून जातो. फाळका पाडला की तो भोवरा मोडतो, फायदा काही होत नाही. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीला तो लोंबता फाळका दिसत नाही, हा धोका वेगळाच. हवेची काळजी असेल तर फडफडणारी ताडपत्री घट्ट आवळावी, तिथे खरा विरोध होतो.

किरकोळ समज बरेच आहेत. पंपावर शंभरऐवजी ११० चं डिझेल घेतलं की फसवणूक होत नाही, याला आधार नाही. यंत्र आकडा गोल आहे की नाही ते पाहत नाही. शंका असेल तर पंपावर ठेवलेल्या, वैधमापन विभागाने प्रमाणित केलेल्या ५ लिटरच्या मापात डिझेल मोजून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. पहाटे थंडीत भरलं की डिझेल जास्त येतं, हेही तसंच. टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. डिझेलच्या नळीवर लावायचे चुंबक आणि ॲव्हरेज वाढवणाऱ्या डब्या घेऊ नयेत. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभरावर साधनं तपासली, त्यातल्या फारच थोड्यांनी काही बचत दाखवली, तीही किरकोळ. रॉकेल मिसळणं तर पंप आणि इंजेक्टर दोन्ही मारणं आहे, कारण डिझेलमधला वंगणाचा गुण रॉकेलमध्ये नसतो. एअर फिल्टरबद्दल मात्र मिस्त्री बरोबर सांगतात. उन्हाळ्यात पाणंदीच्या धुळीत चालणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीआधीच भरतो, गाडी दम टाकते, धूर वाढतो.

वजनकाट्यासमोर किंवा यार्डाच्या फाटकाशी रांगेत उभं असताना इंजिन चालू ठेवण्याचं कारण असं सांगतात, की स्टार्टरला जास्त डिझेल लागतं. अमेरिकी ऊर्जा खात्याचा सल्ला आहे की दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करणंच स्वस्त. आपल्या स्टार्टर-बॅटरीची झीज धरून मर्यादा एक मिनिट ठेवली तरी तासभराच्या रांगेत अर्ध्या लिटरच्या आसपास वाचतं. अपवाद एकच: लांबून भरली गाडी ओढून आणली असेल तर टर्बो निवण्यासाठी बंद करण्याआधी एखादं मिनिट चालू ठेवावी.

आता सगळ्यात मोठ्या गैरसमजाकडे येऊ. तो असा, की ज्या गाडीचं ॲव्हरेज जास्त तिचा धंदा फायद्यात. ‘किती देते?’ या प्रश्नाचं उत्तर किलोमीटरमध्ये देण्याची आपल्याला सवय आहे. ती मोटारीला ठीक आहे. पिकअप माल नेते, आणि तिचा हिशेब क्विंटलला किती डिझेल असाच व्हायला हवा. उदाहरणासाठी काही आकडे धरू. गाडीची क्षमता १५ क्विंटल. रिकामी असताना लिटरला १५ किलोमीटर देते, पूर्ण भरल्यावर १२, आठ क्विंटलला साडेतेरा. वसमत ते हिंगोली सुमारे ५० किलोमीटर.

आठ क्विंटल हळद घेऊन गेलात आणि रिकामे आलात, तर डिझेल सात लिटर लागेल आणि ॲव्हरेज १४ च्या वर दिसेल. क्विंटलला मात्र पाऊण लिटरहून जास्त, जवळपास ०.८८ लिटर पडलं. पूर्ण १५ क्विंटल नेले तर साडेसात लिटर, म्हणजे क्विंटलला अर्धा लिटर. आणि येताना खताच्या ५० किलोच्या ३० गोण्या मिळाल्या, तर ॲव्हरेज घसरून १२ वर येईल, पण ३० क्विंटल मालाला लागलं सव्वाआठ लिटर. क्विंटलला पाव लिटरच्या थोडंसं वर. तिन्हींत ज्या फेरीचं ॲव्हरेज सगळ्यात कमी, तीच सगळ्यात स्वस्त. हळदीचा बाजार तेजीत असतो त्याच एप्रिल ते जून या काळात खरिपाचं खत-बियाणं गावाकडे यायचं असतं. परतीचं भाडं आधी ठरवून ठेवणं, शेजारच्या दोघा-तिघांची पोती एकाच गाडीत घालणं, यात जेवढं डिझेल वाचतं तेवढं गाडीवर काहीही केलं तरी वाचत नाही.

मग २५ क्विंटल का घालू नयेत? प्रश्न रास्त आहे, आणि केवळ डिझेल पाहिलं तर ओव्हरलोड परवडतो हे कबूल करावंच लागेल. दोन फेऱ्यांऐवजी एक झाली, की सहा-सात लिटर वाचतात. लिटरला ९० रुपये धरले तर सहाशेच्या आसपास. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार जादा भाराला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. एकदा पकडलं गेलं तर ३५ हून जास्त फेऱ्यांची बचत गेली. त्यात पाटे, क्लच प्लेट, टायर आणि लायनर यांचा खर्च धरलेला नाही. आणि भरलेली गाडी थांबायला लागणारं अंतर कुठल्याही वहीत लिहून भरून काढता येत नाही.

हे सगळं स्वतःच्या गाडीवर तपासायचं तर डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नये. टाकी नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरावी, मीटरचा आकडा लिहावा, गाडी नेहमीसारखी चालवावी आणि पुन्हा त्याच पंपावर तशीच भरावी. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर. एका वेळच्या आकड्यात चूक राहते, म्हणून चार-पाच भरण्यांची सरासरी धरावी. मापाबाहेरचे मोठे टायर बसवले असतील तर मीटर खऱ्यापेक्षा कमी किलोमीटर दाखवतं, तेही ध्यानात ठेवावं. आणि वहीत लिटर-किलोमीटरच्या शेजारी आणखी दोन रकाने आखावेत: जाताना किती क्विंटल, येताना किती.