रांगेतून निघालेले प्रश्न

परळच्या केईएममध्ये सकाळी केसपेपरच्या खिडकीपुढे लागणारी रांग ज्याने पाहिली आहे, त्याला इथे संशोधनही चालतं हे सांगून पटत नाही. वर्षाला सुमारे 18 लाख माणसं ओपीडीत येतात. खाटा 1800च्या घरात, आणि दोन खाटांच्या मध्ये गादी टाकून झोपवलेले पेशंट वेगळे. कुणी डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून आलेलं, कुणी कोकणातून रात्रीच्या एसटीने. रात्रभर जागलेला रेसिडेंट चहाचा घोट घेत पुढचा केसपेपर उलगडतो. या धबडग्यात कोण कशाला काही शोधत बसेल? पण केईएमचे बहुतेक मोठे शोध या रांगेतूनच निघाले आहेत. आणि या संशोधनाच्या अडचणीही तिच्यातूनच येतात.

(पुण्याचं केईएम निराळं. तिथलं गरोदर स्त्रिया आणि बाळांच्या वजनावरचं काम जगभर गाजलेलं आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.)

सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालय ही जोडी 1926 साली उभी राहिली. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज 1845 पासून होतं, पण ते सरकारी. तिथल्या वरच्या खुर्च्या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या, म्हणजे प्रामुख्याने गोऱ्या डॉक्टरांच्या. गोर्धनदासांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली की इथे शिकवणारे सगळे भारतीयच असले पाहिजेत. पहिले डीन जीवराज मेहता, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. इस्पितळ महानगरपालिकेचं आणि वस्ती गिरणगावाची, त्यामुळे पहिल्या दिवसापासून पेशंट कामगारांच्या चाळींतले. शिवाय परळची जागाच अशी की हाफकिन संस्था 1899 पासून शेजारी, वाडियांची दोन्ही इस्पितळं भिंतीला लागून, पुढे 1941 मध्ये टाटा मेमोरियलही समोर आलं. प्रयोगशाळा आणि वॉर्ड यांच्यात पायी जाण्याएवढंच अंतर असणं ही चैन देशात फार थोड्या ठिकाणी होती.

त्या काळी वॉर्ड सांभाळत ते 'ऑनररी'. सकाळी इस्पितळात बिनपगारी सेवा, दुपारनंतर स्वतःची प्रॅक्टिस. अशाच एका ऑनररीने, डॉ. रुस्तम जाल वकिलांनी, सर्पगंधा हाती घेतली. वैद्यांना ती मुळी पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती आणि कलकत्त्याच्या सेन व बोस यांनी 1931 मध्ये तिच्याबद्दल लिहूनही झालं होतं. वकिलांनी उच्च रक्तदाबाचे 50 रुग्ण घेतले, त्यांना सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या, दाब मोजत राहिले आणि 1949 साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निष्कर्ष छापले. आजच्या कसोटीला तो अभ्यास साधाच वाटेल. पण त्या काळात वाढलेला रक्तदाब उतरवणारं भरवशाचं औषध जवळजवळ नव्हतंच. तीन वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं गेलं आणि 1957च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकिलांचं नाव आलं.

त्याहून मला जास्त आवडते ती रक्तगटाची गोष्ट, कारण तिची सुरुवात एका न जमलेल्या कामापासून आहे. एका जखमीला रक्त द्यायचं होतं. तपासणीत गट 'ओ' दिसत होता. 'ओ' गटाची बाटली आणून जुळवणी करावी तर पेशी गोळा होऊन बसायच्या. दुसरी बाटली आणली, तीच गत. कुठलंच रक्त जुळेना. असा अनुभव आला की ब्लड बँकेतला माणूस आधी स्वतःच्या हातावर शंका घेतो, मग रसायनांवर. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांनी शंका रक्तावर घेतली. नमुने लंडनला गेले. तिकडे रक्तगटांच्या क्षेत्रातली तेव्हाची बडी मंडळी, सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स, कामाला लागली आणि 1952 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये सगळ्यांच्या नावे निबंध आला.

भानगड अशी होती. आपल्या तांबड्या पेशींवर 'एच' नावाचा एक पदार्थ असतो आणि 'ए' व 'बी' त्याच्यावरच चढतात. 'ओ' गटाच्या माणसात नुसता 'एच' असतो. त्या जखमीसारख्या लोकांत तो 'एच'सुद्धा नव्हता. त्यामुळे साध्या तपासणीत ते 'ओ' दिसत, पण त्यांच्या रक्तातली प्रतिद्रव्यं 'ओ'च्या पेशींवरही तुटून पडत. अशा माणसाला रक्त चालतं ते फक्त त्याच्यासारख्याचंच. भारतात सुमारे दहा हजारांत एक असं हे प्रमाण, युरोपात दहा लाखांत एकाच्या आसपास. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत त्याचं नाव 'बॉम्बे ब्लड ग्रुप' आहे आणि शहराचं नाव बदलल्यावरही ते बदललेलं नाही. रक्तगटांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 1957 मध्ये काढलेल्या केंद्राची पुढे राष्ट्रीय संस्था झाली. ती आजही केईएमच्याच बहुमजली इमारतीत आहे.

शस्त्रक्रियेच्या बाजूला डॉ. पी. के. सेन हे वेगळंच प्रकरण होतं. कुत्र्यांवर हृदयरोपणाचा सराव करून हात तयार ठेवलेले. केप टाऊनला बर्नार्ड यांनी डिसेंबर 1967 मध्ये पहिलं हृदयरोपण केलं आणि अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी 1968 मध्ये, सेनांच्या चमूने परळला ते केलं. रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यू मान्य करणारा कायदा भारतात आला 1994 मध्ये, यावरून तेव्हा ते किती अंधारात चालत होते याची कल्पना येते. सगळे या रोपणाची आठवण काढतात. मला सेनांचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. तरुण मुलामुलींच्या महाधमनीच्या भिंती सुजून अरुंद होतात, एका हाताला नाडीच लागत नाही, दाब भलताच चढलेला असतो, अशा रुग्णांचा सेन, पॅथॉलॉजीचे किनरे, शल्यविभागातले परुळकर वगैरेंनी वर्षानुवर्षं मागोवा घेतला. शस्त्रक्रियेच्या टेबलावर जे दिसलं ते शवविच्छेदनाच्या टेबलावर ताडून पाहिलं, क्ष-किरणांच्या चित्रांशी जुळवलं. एका विभागाने एकट्याने करावं असं ते कामच नव्हतं.

टेस्ट ट्यूब बेबीचंही तसंच. 6 ऑगस्ट 1986 रोजी केईएममध्ये जन्मलेल्या मुलीमागे डॉ. इंदिरा हिंदुजा यांचा स्त्रीरोग विभाग होता आणि डॉ. आनंद कुमार यांची परळमधलीच प्रजनन संशोधन संस्था. ती देशातली पहिली म्हणून गाजली. पण कलकत्त्याचे डॉ. सुभाष मुखर्जी यांनी 1978 मध्येच हे केलं होतं. त्यांच्या पाठीशी संस्था नव्हती, सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं आणि 1981 मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. पुढे त्यांच्या वह्या वाचून, पहिला मान मुखर्जींचा असं 1997 मध्ये लिहिलं ते स्वतः आनंद कुमारांनीच. आपल्या नावावर असलेलं पहिलेपण असं सोडून देणारा शास्त्रज्ञ विरळा.

या सगळ्यात एक विभाग असा आहे की ज्याचा बोलबाला नसतो, पण ज्याच्याशी प्रत्येकाचं काम पडतं. तो म्हणजे औषधशास्त्र, आणि त्यातून वाढलेला क्लिनिकल फार्माकॉलॉजीचा विभाग. सर्जनला आपलं ऑपरेशन बरं की वाईट हे कळतं, पण दोन औषधांत खरंच फरक आहे की आपल्याला तसं वाटतंय हे सांगायला तिसरा माणूस लागतो. डॉ. शरदिनी डहाणूकर या विभागाच्या. झाडाफुलांवर मराठीत लिहिणाऱ्या लेखिका म्हणूनच अनेकांना त्या ठाऊक. पित्तनलिका तुंबून कावीळ झालेल्या रुग्णांना ऑपरेशनच्या आगेमागे जंतुसंसर्गाचा मोठा धोका असतो. शल्यविभागाला बरोबर घेऊन अशा 30 रुग्णांवर त्यांच्या चमूने गुळवेलीची चाचणी केली. नेहमीचे उपचार दोन्ही गटांना, गुळवेल एकाच गटाला. 1993 मध्ये निष्कर्ष छापले ते गुळवेलीच्या बाजूचे होते. कोविडच्या काळात लोक हाच वेल घरोघरी उकळून पिऊ लागले आणि 2021 मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. त्यावर बराच वाद झाला. वैद्यकात 'गुळवेल चांगली की वाईट' या प्रश्नाला काही अर्थ नाही. कुणाला, किती, किती दिवस आणि कशाच्या तुलनेत, एवढं विचारल्याशिवाय उत्तर सुरूच होत नाही.

मलेरियाचं उदाहरण याहून साधं. व्हायव्हॅक्स जातीचा जंतू यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. त्यावर प्रायमाक्विन. सरकारी कार्यक्रमात तेव्हा त्या गोळ्या 5 दिवस द्यायची पद्धत होती. पावसाळ्यात ओपीडीत तेच तेच चेहरे परत येताना दिसत होते. केईएमच्या औषधशास्त्रज्ञांनी 5 दिवस आणि 14 दिवस यांची तुलना करून 1999 मध्ये दाखवलं की 5 दिवसांनी उलटणारा ताप थांबत नाही, 14 लागतात. पुढे राष्ट्रीय धोरणातही 14 दिवस आले. जुन्या आणि स्वस्त गोळीवर कुठली कंपनी पैसे लावणार? असे प्रश्न पालिकेच्या इस्पितळानेच विचारायचे असतात.

आता हे काम जवळून कसं दिसतं ते पाहू. ओपीडीच्या गर्दीतून बाजूला काढलेली एक छोटी खोली, टेबल, दोन-तीन खुर्च्या, कपाटात फायली. रेसिडेंट किंवा कोऑर्डिनेटर माहितीपत्रक वाचून दाखवते आहे. ते मराठीत, हिंदीत, इंग्रजीत छापलेलं. मराठी मजकूर बरोबर उतरला की नाही हे पाहायला तो परत इंग्रजीत करून ताडलेला. पेशंट बाईंना वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार बसवावा लागतो. "दोन गोळ्यांपैकी कुठली मिळेल ते चिठ्ठी काढून ठरणार, ते मलाही माहीत नसेल," कोऑर्डिनेटर सांगते. बाई शांतपणे ऐकतात आणि विचारतात, "पण मॅडम, तुम्ही मला चांगलीच द्याल ना?"

सगळं अवघड या एका वाक्यात आहे. पेशंट उपचाराला आलेला, समोर त्याचेच डॉक्टर. त्यांनी सुचवलं म्हणजे भल्याचंच असणार हा विश्वास. 'नाही म्हणालात तरी तुमचे उपचार असेच चालू राहतील' हे वाक्य प्रत्येक पत्रकात असतं. ते पत्रकातून पेशंटच्या मनात उतरवणं हीच खरी कामगिरी, आणि घड्याळ बाहेरच्या रांगेकडे बोट दाखवत असतं. माझ्या मते 'घरी विचारून पुढच्या वेळी सांगते' असं म्हणून उठून जाणारे पेशंट ज्या खोलीत अधूनमधून दिसतात, तिथली संमती खरी.

कायद्याने हे बरंच आवळलेलं आहे. चाचण्यांची जाहीर नोंदणी 2009 पासून सक्तीची झाली. 2019च्या नियमांनुसार नीतिमत्ता समितीत किमान 7 सदस्य, त्यात एक कायद्याचा जाणकार, एक सामान्य नागरिक, एक तरी स्त्री. निम्मे संस्थेबाहेरचे आणि अध्यक्षही बाहेरचा. चाचणीत कुणाला गंभीर इजा झाली तर 24 तासांत कळवायचं, उपचार फुकट, भरपाईचं सूत्र ठरलेलं. समितीतला सामान्य नागरिक पुष्कळदा सगळ्यात कामाचा प्रश्न विचारतो: पेशंटने तपासणीसाठी जादा फेऱ्या मारायच्या तर गाडीभाडं कोण देणार, आणि बुडालेली रोजी?

नोंदींची शिस्त तर पाहण्यासारखी. चाचणीच्या कागदावर व्हाइटनर चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. उणे 80 अंशांच्या फ्रीझरच्या दारावर तापमानाचा तक्ता आणि त्यावर रविवारच्याही सह्या. 2020च्या सप्टेंबरात कोविशील्डची चाचणी केईएममध्ये सुरू झाली तेव्हा बाहेर कोविडचे वॉर्ड भरलेले होते, आणि आत निरोगी स्वयंसेवकांच्या प्रत्येक डोसाची अशीच कागदोपत्री मोजदाद चालली होती.

पण असे अभ्यास थोडे. संख्येने मोठा भाग असतो तो एमडी-एमएसच्या प्रबंधांचा. पदवीसाठी प्रत्येक रेसिडेंटला थिसिस सक्तीचा. पहिल्या काही महिन्यांत विषय, गाईडची सही, समितीची मान्यता, मग दीड-दोन वर्षांत जमतील तेवढे रुग्ण. इमर्जन्सीच्या रात्री काढून उरलेल्या वेळात हे करायचं. त्यामुळे विषय निघतो तो वेळेत संपेल असा, आणि परीक्षेनंतर काळ्या पुठ्ठ्यातली जाडजूड प्रत ग्रंथालयात जाऊन बसते. शेजारच्या विभागात त्याच रुग्णांवर त्याच सुमाराला दुसरा प्रबंध चालू असतो आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. सेन-किनरेंच्या काळात हे होत नव्हतं असं म्हणणं म्हणजे जुन्याला उगीच सोनेरी मुलामा देणं होईल. पण तीन-चार विभागांनी मिळून एकच प्रश्न दहा वर्षं लावून धरायचा आणि दर बॅचच्या रेसिडेंटने त्याचा एकेक तुकडा उचलायचा, हे सक्तीच्या व्यवस्थेतही जमण्यासारखं आहे.

छापायला तरी घरचं मासिक आहे. 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' इथल्या स्टाफ सोसायटीने 1955 मध्ये काढलं आणि ते आज कुणालाही इंटरनेटवर फुकट वाचता येतं. वाचतात ते अर्थात डॉक्टर. ज्या बाईंनी चिठ्ठी काढून गोळी घेतली आणि चार फेऱ्या मारल्या, त्यांना दोनपैकी कुठली गोळी सरस निघाली हे सहसा कुणी कळवत नाही. निकालाचं अर्धं पान मराठीत आणि हिंदीत छापून फॉलोअपच्या दिवशी हातात द्यायला फारसा खर्च येणार नाही. पण चाचणीच्या अंदाजपत्रकात रक्ताच्या नळ्यांपासून झेरॉक्सपर्यंत सगळ्याचा खर्च धरलेला असतो, आणि या अर्ध्या पानाचा बहुधा नसतो.