थारला मोठे टायर लावायचेत? आधी 'घासणं' समजून घ्या!

आजचा भाग ऑफ-रोडिंगवाल्यांसाठी. इनबॉक्समध्ये एक प्रश्न सारखा येतो: "लिफ्ट न करता थारला किती मोठा टायर बसेल?" मी दरवेळी उलटा प्रश्न विचारतो. बसेल म्हणजे कधी? गाडी पार्किंगमध्ये उभी असताना, की स्टिअरिंग पूर्ण काटून एक चाक खड्ड्यात गेल्यावर? कारण टायर घासतो तो दुसऱ्या वेळी.

आधी आकडे

18 इंची रिमवाल्या थारला कंपनीचा टायर येतो 255/65 आर 18. यातला 255 म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. 65 म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या 65 टक्के. आणि 18 म्हणजे रिम, इंचात. गणित केलं की टायरचा पूर्ण व्यास येतो साधारण 789 मिमी.

आता समजा तुम्हाला 275/65 आर 18 हवाय. त्याचा व्यास 815 मिमी. फरक 26 मिमी, म्हणजे टायर चहूबाजूंनी 13 मिमी पुढे सरकला. रुंदी 20 मिमीनं वाढली. रिम तीच ठेवली तर 10 मिमी आत, 10 मिमी बाहेर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण काही ठिकाणी तेवढीच जागा शिल्लक असते.

घासतं कुठे?

तीन जागा लक्षात ठेवा.

एक, पुढच्या चाकाच्या पुढची-मागची बाजू. स्टिअरिंग पूर्ण काटलं की टायर लायनरला, मडफ्लॅपला किंवा बंपरच्या कोपऱ्याला लागतो.

दोन, आतली बाजू. इथे सस्पेन्शनचे आर्म, चॅसी आणि ब्रेकचा होज असतो. लायनर घासला तर आवाज येतो, प्लास्टिक झिजतं. ब्रेकचा होज घासला तर घाटात उतरताना जिवाशी खेळ आहे. टायरची भिंत धातूच्या कडेला घासत राहिली तर ती चिरते, आणि भिंत चिरलेला टायर पंक्चरवाला दुरुस्त करू शकत नाही.

तीन, वरची बाजू. सस्पेन्शन पूर्ण दबलं की टायर व्हील आर्चमध्ये वर जातो.

लिफ्ट किट म्हणजे रामबाण नाही

गैरसमज इथेच आहे. लिफ्टनं गाडी उभी असताना जागा वाढते. पण सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर चाक किती वर जाणार, हे ठरवतो बंप स्टॉप, म्हणजे तो रबरी ठोकळा. स्प्रिंगवर नुसता स्पेसर टाकला आणि बंप स्टॉप तोच ठेवला, तर मोठ्या खड्ड्यात टायर पूर्वीइतकाच वर जाणार आणि घासणार. म्हणून टायर मोठा केला की बंप स्टॉपकडेही बघा.

रिमच्या ऑफसेटचंही तसंच. ऑफसेट 20 मिमीनं कमी असलेली, तेवढ्याच रुंदीची रिम लावली की चाक 20 मिमी बाहेर येतं. आतलं घासणं थांबतं. पण आता वळताना टायर मोठा घेर घेतो आणि बंपरच्या कोपऱ्याला लागतो. एका बाजूचं दुखणं दुसऱ्या बाजूला गेलं, एवढंच.

मी सुचवतो तो क्रम असा: आधी लायनर आणि मडफ्लॅप थोडे मागे सरकवणं किंवा कापणं, मग स्टिअरिंगचा स्टॉपर थोडा वाढवणं (गाडीला वळायला जास्त जागा लागेल, हे धरून चाला), मग बंप स्टॉप, आणि सगळ्यात शेवटी लिफ्ट. काहीही बदललं तरी अलाइनमेंट करून घ्याच.

कणकेची टेस्ट

पाचही टायर विकत घेण्याआधी दुकानदाराला एकच टायर चढवून बघू द्यायची विनंती करा. आर्चच्या आत, जिथे शंका आहे तिथे, घट्ट मळलेल्या कणकेचे गोळे चिकटवा. मग ते चाक रॅम्पवर चढवून सस्पेन्शन दाबा आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण काटा. चाक हळूहळू फिरवा, आणि बघायला एक माणूस बाहेर, गाडीपासून लांब उभा करा. गोळा चेपला असेल तर उरलेली जाडी मोजा. तेवढीच तुमची खरी जागा. टायरवर चिखल बसला की ती आणखी कमी होते.

दुकानात जाण्याआधी

स्पीडोमीटर कमी दाखवेल. वरच्या उदाहरणात मीटरवर 80 असेल तेव्हा गाडी साधारण 82.6 नं पळत असते. लोड इंडेक्स कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. स्टेपनीही त्याच मापाची घ्या. फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या टायरचा व्यास वेगळा असेल तर ट्रान्सफर केसवर ताण येतो.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल गाडीत करता येत नाहीत. म्हणून कंपनीनं तुमच्या मॉडेलसाठी मंजूर केलेली मापं आधी बघा आणि इन्शुरन्सवाल्यांकडून लेखी उत्तर घ्या. क्लेमच्या वेळी तोंडी "चालतंय हो" उपयोगाचं नसतं.

थोडक्यात काय, टायर निवडायचा तो गाडीच्या सगळ्यात वाईट क्षणासाठी. तुमच्या गाडीचं मॉडेल आणि सध्याचं माप कळवा, पुढच्या भागात काहींचं गणित मिळून करू. तोपर्यंत हवा तपासत राहा!